आजचा दिवस वेलांटीचा

सांगली मार्केट यार्डातल्या हळद अडत्यांचं फॉक्सप्रोतलं (जुनी डेटाबेस प्रणाली) हिशोबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरवर नेणं चालू आहे. लिनक्स, पोस्टग्रेस (डेटाबेस), एचटीएमएल. सगळं खुलं, लायसनचा रुपया नाही. आज डेटा हलवला आणि गाडी अडली ती शेतकऱ्यांच्या नावांत.

जुनी नावं युनिकोडात (सगळ्या लिपींसाठीच्या समान कोडात) नाहीत, फॉन्टच्या कोडात आहेत. तिथे 'शिंदे'तली वेलांटी दिसते तशीच 'श'च्या आधी साठवलेली. युनिकोडात ती 'श'नंतर लागते. रफार बरोब्बर उलटा: 'कर्वे'त तो तिथे 'वे'नंतर, युनिकोडात 'व'च्या आधी. म्हणून अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. आधी अक्षरं बदलायची, मग वेलांटी पुढे, शेवटी रफार मागे. 'स्मिता'त वेलांटी अख्खं 'स्म' ओलांडून न्यायची, नाहीतर ती अर्ध्या 'स'लाच लटकते. (देवनागरी युनिकोडात १९९१ पासून आहे, आणि आपण २०–२५ वर्षांचे दप्तर आत्ता उपसतोय!)

रकमेचे रकाने न्यूमेरिकच (नेमक्या दशांशाचे) ठेवा. फ्लोटमध्ये (अंदाजे साठवलेल्या अपूर्णांकात) पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाच्या कागदाची, बेरीज पैशा-पैशाने सरकते, आणि अडत्याला तो पैसा बरोबर दिसतो.

सौद्याच्या वेळी नेट गेलं तरी नोंद व्हावी म्हणून सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरात पाठीमागे चालणारी स्क्रिप्ट. तो एचटीटीपीएसशिवाय (सुरक्षित जोडणीशिवाय) चालत नाही. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर लोकलहोस्टला (त्याच मशीनच्या स्वतःच्या पत्त्याला) सूट असते, त्यामुळे तिथे सगळं छान, दुकानातल्या १९२.१६८ वाल्या साध्या पत्त्यावर मात्र ढिम्म.

उद्या गाव आणि पेठेचे रकाने. तिथेही रफार आहेतच.