इतिवृत्तातील एक ओळ

रविवार, रात्री

आज आमच्या अमेरिकेतील चर्चच्या उपासनेत पापकबुलीची वेळ आली तेव्हा आमच्या पाळकांनी नेहमीची छापील प्रार्थना बाजूला ठेवली आणि मंडळीच्या जुन्या पाळकनिवासाच्या खरेदीखतातील एक कलम मोठ्याने वाचले. कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाची नसलेली कोणतीही व्यक्ती या जागेत राहणार नाही, मात्र घरात चाकरीस असलेल्यांना हे बंधन लागू नाही, असा त्या कलमाचा आशय होता. ते घर मंडळीने १९४१ साली दानाच्या पैशांतून विकत घेतले. खरेदीखतावर सह्या करणाऱ्या विश्वस्तांपैकी दोघांची नावे आमच्या प्रार्थनागृहातील रंगीत काचांखाली कोरलेली आहेत आणि गेली अनेक वर्षे मी दर रविवारी त्याच खिडकीजवळ बसत आले आहे. वाचन संपल्यावर पाळक काही क्षण थांबल्या, मग त्यांनी बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील प्रार्थना म्हटली आणि आम्ही माना लववून ती ऐकली.

अमेरिकेत त्या काळी अशी कलमे सर्रास लिहिली जात. १९३४ साली स्थापन झालेली सरकारी गृहनिर्माण यंत्रणा घरकर्जांना विमा देत असे, आणि तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेत अशा वांशिक अटींची शिफारसच केलेली होती. त्याच दशकात दुसऱ्या एका सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करून वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा आणि लाल असे रंग दिले. कृष्णवर्णीय लोक राहतात त्या वस्त्या जवळजवळ हमखास लाल रंगात जात आणि लाल वस्तीत कर्ज मिळणे दुरापास्त होई. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली अशा कलमांची अंमलबजावणी करण्यास न्यायालयांना मनाई केली आणि १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील वांशिक भेदभावच बेकायदेशीर ठरवला. तोपर्यंत ज्यांना घर घेता आले त्यांच्या मुलांच्या हाती वारशाने काहीतरी आले होते, आणि ज्यांना घेता आले नाही त्यांच्या मुलांना भाड्याच्या पावत्यांखेरीज काही मिळाले नव्हते. वंशवाद व्यवस्थेत असतो म्हणजे नेमका कुठे असतो, हे मला आज प्रथमच इतके स्पष्ट दिसले. तो नोंदणी कार्यालयातील कागदात असतो, आणि त्या कागदाला चालू राहण्यासाठी कोणाच्याही मनातील द्वेषाची गरज पडत नाही.

उपासनेनंतर चहाच्या वेळी एक वयस्क सभासद माझ्याजवळ आले. ते घर घेतले तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता, आयुष्यात आपण कोणाचा रंग पाहून दुजाभाव केला नाही, मग आपण कशाची कबुली द्यायची, असे त्यांनी विचारले. हे गृहस्थ मंडळीतील आजारी माणसांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतात, माझ्या पतीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रात्रभर आमच्यासोबत बसले होते, त्यामुळे त्यांचा प्रश्न झटकून टाकणे मला शक्य नव्हते. तिथे उभ्या उभ्या मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मी नहेम्या पुन्हा वाचला. यरुशलेमचा कोट पाडला गेला त्याला तेव्हा सुमारे १४० वर्षे झाली होती, आणि नहेम्या दूर शूशन राजवाड्यात पारसच्या राजाचा प्यालेबरदार होता. ज्या पापांमुळे नगर उद्ध्वस्त झाले त्यांतील एकही त्याने केलेले नव्हते, तरी तो प्रार्थनेत ‘त्यांनी’ असे म्हणत नाही, तर आपण आणि आपल्या बापाच्या घराण्याने पाप केले आहे असे म्हणतो. शिवाय कबुली देऊन तो स्वस्थ बसत नाही. तो राजाकडे रजा मागतो, लाकडासाठी पत्र मागतो आणि भिंत बांधायला निघतो. उद्या त्या गृहस्थांना दूरध्वनी करून एवढेच सांगावे असे वाटते की कबुली म्हणजे तुमच्यावरचा आरोप नव्हे, पडलेली भिंत ही माझ्याच घराची भिंत आहे असे म्हणणे होय.

सोमवार

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाची चिटणीस म्हणून जुनी इतिवृत्ते माझ्या ताब्यात असतात. बुधवारच्या सभेपूर्वी ती चाळावीत म्हणून आज बसले आणि १९५७ सालच्या वहीत एका नोंदीपाशी थांबले. एका निग्रो कुटुंबाने सभासदत्वासाठी अर्ज केला असून त्यावर साधकबाधक चर्चा झाली, आणि मंडळीतील शांतता लक्षात घेऊन विषय पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवण्यात आला, एवढीच ती नोंद आहे. त्यानंतरच्या चार वर्षांची इतिवृत्ते मी पानन् पान वाचली, पण तो विषय पुन्हा कुठेही आलेला नाही. त्या सभेत घंटेच्या दुरुस्तीसाठी कोणी किती रक्कम दिली ते नावानिशी लिहिलेले आहे, परंतु त्या कुटुंबाचे नाव नाही.

या नोंदीत कठोर असा एकही शब्द नाही, आणि मला सर्वांत अस्वस्थ केले ते यानेच. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ सालच्या सिनडनेही (धर्मसभेनेही) कृष्णवर्णीय सभासदांसाठी वेगळ्या उपासनेला मुभा दिली ती द्वेषाची भाषा वापरून नव्हे. सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे, हे मान्य करून ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ ही सवलत देण्यात आली. १८८१ पर्यंत त्यातून वेगळी मंडळी निर्माण झाली आणि पुढच्या शतकात वर्णविभक्तीच्या राजवटीला त्याच परंपरेतून धर्मशास्त्रीय आधार पुरवला गेला. त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीनेच १९८२ साली बेलहार येथे असा विश्वासाचा कबुलीजबाब मांडला की, मंडळीची एकता ही ख्रिस्ताची देणगी आहे आणि वंशाच्या नावाने माणसांना वेगळे करणारी शिकवण नाकारलीच पाहिजे. ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांनी आत बसलेल्यांना विश्वास शिकवला, हे मला फार मोठे वाटते.

आमच्या वहीत नोंदलेली ती ‘शांतता’ अमेरिकेत अनेकांनी जपली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १६ एप्रिल १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिले ते आठ श्वेतवर्णीय धर्मगुरूंच्या निवेदनाला उत्तर म्हणून. त्या आठांनी हिंसाचाराची बाजू घेतली नव्हती, त्यांचे म्हणणे एवढेच होते की निदर्शने अवेळी आहेत आणि थोडा धीर धरावा. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, त्याच शहरातील सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि उपासनेसाठी तयार होत असलेल्या चार मुली मारल्या गेल्या. कोणी ‘धीर धरा’ म्हटले की त्या काळात धीर कोणाला धरावा लागतो, हे विचारायला मी आता शिकले आहे.

‘त्यांना त्यांचीच चर्चेस आवडतात’ हे वाक्यही मी आमच्या मंडळीत अनेकदा ऐकले आहे आणि एके काळी ते मला पटतही असे. परंतु फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲब्सलोम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करीत असताना त्यांना ओढून उठवण्यात आले, प्रार्थना पुरी होईपर्यंत थांबावे ही विनंतीही कोणी ऐकली नाही, आणि मग ते, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती तिथून निघून गेले. ॲलन यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च उभारले, आणि १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. वेगळेपणाचा आरंभ आवडीतून झाला नव्हता.

मंगळवार, पहाटे

झोप लागली नाही. या साऱ्यात मी स्वतः कुठे उभी आहे, हा प्रश्न मी बरीच वर्षे सोयीस्करपणे टाळला. मी बाहेरून आले, माझ्या पूर्वजांनी कोणाला गुलाम केले नाही, आणि ते खरेदीखतातील कलम तर मलाही त्या घराबाहेर ठेवणारेच होते, असे मी स्वतःला सांगत असे. ते खरेही आहे. १९२३ साली भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात भारतीय बसत नाहीत, आणि थिंद यांचे नागरिकत्व गेले. पण मग माझ्यासाठी हे दार उघडले कोणी? नागरी हक्कांसाठी कृष्णवर्णीय माणसांनी लाठ्या झेलल्या, तुरुंग भोगले, आणि त्या चळवळीने बदललेल्या हवेत १९६५ चा स्थलांतर कायदा झाला, ज्याने राष्ट्रागणिक ठरवलेला जुना कोटा रद्द केला. त्या दारातून आम्ही आलो, शिकलो, आणि चांगल्या शाळा आहेत म्हणून ज्या भागात घर घेतले तो भाग जुन्या नकाशात हिरवा आहे, हे मला गेल्या वर्षी कळले. इथे शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो, त्यामुळे त्या नकाशाने वाढवलेल्या घरांच्या किमती माझ्या मुलांच्या वर्गापर्यंत पोहोचल्या आहेत. माझ्या हातून अन्याय घडला नसेल, पण त्याचा लाभ माझ्या घरात आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, दास्यमुक्तीचे काम केल्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली, हे शाळेत असल्यापासून मला ठाऊक आहे. ती अर्पणपत्रिका लिहिली गेली त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतील मुक्त झालेल्या लोकांचे संरक्षण करणारे संघराज्याचे सैन्य मागे घेण्यात आले आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा कित्येक पिढ्यांची अवहेलना आली. ज्या लोकांना जोतीरावांनी एवढा मान दिला त्यांच्यात आज मी राहते, त्यांची नागरिक आहे, आणि तो मान अजून फेडायचा राहिला आहे असे मला मनापासून वाटते.

बुधवार, रात्री उशिरा

पाळकनिवास काही वर्षांपूर्वी विकले आणि त्याचे पैसे राखीव निधीत आहेत. त्यातील अर्धी रक्कम महामार्गापलीकडच्या कृष्णवर्णीय मंडळीला द्यावी, असा ठराव आज वडीलमंडळापुढे होता. त्या मंडळीचे मूळ प्रार्थनागृह याच महामार्गासाठी पाडले गेले. १९५६ च्या कायद्यानंतर देशभर असे रस्ते झाले तेव्हा अनेक शहरांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवरूनच ते नेण्यात आले. रक्कम देण्यास फारसा विरोध झाला नाही. वाद झाला तो ती कशासाठी खर्च व्हावी हे ठरवण्यासाठी आपली एक समिती नेमावी, या दुरुस्तीवर.

तेव्हा पाळकांनी बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढला. रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, यहूद्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न म्हटले नाही, आणि आपल्या देखरेखीखाली नवी व्यवस्थाही सुरू केली नाही. सात माणसे निवडण्यात आली, आणि स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांना ताट मिळत नव्हते त्यांच्या हाती वाढप सोपवण्यात आले.

आमच्या वडीलमंडळातील एकमेव कृष्णवर्णीय भगिनी, ज्यांना मी मनातल्या मनात आजी म्हणते, तोपर्यंत काहीच बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या की बायबलमधील जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करीन म्हटले तेव्हा त्या पैशांचे लोक काय करणार आहेत हे त्याने विचारल्याचे आपल्या वाचनात नाही. दुरुस्ती तीनविरुद्ध नऊ मतांनी फेटाळली गेली, मूळ ठराव दोनविरुद्ध दहा मतांनी संमत झाला. रविवारी मला प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी दुरुस्तीच्या बाजूने आणि नंतर ठरावाच्याही बाजूने मत दिले.

सभा संपल्यावर मी आजींना १९५७ ची नोंद दाखवली. त्यांनी ती चष्मा काढून, वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि म्हणाल्या, ‘हे कोण ते मला माहीत आहे.’ ते कुटुंब पुढे महामार्गापलीकडच्या मंडळीत गेले, नवरा तिथे मंडळीचा सेवक (डीकन) झाला, बायकोने तीस वर्षे गायनवृंदात गाणे म्हटले, आणि आजी लहान असताना त्यांच्याच मागच्या बाकावर बसत.

आता घरी येऊन इतिवृत्त लिहिते आहे. ठरावाचे शब्द, मतांची संख्या, पहिला हप्ता देण्याची तारीख हे सारे लिहून झाले. शेवटी १९५७ च्या स्थगित विषयाचा संदर्भ देऊन त्या कुटुंबाचे नाव लिहायला घेतले, पण आडनावाच्या स्पेलिंगची खात्री वाटेना, म्हणून रात्रीचे साडेदहा वाजून गेले असतानाही आजींना दूरध्वनी केला. त्या जाग्या होत्या. त्यांनी ते आडनाव एकेक अक्षर सांगितले, मी लिहिले आणि त्यांना परत वाचून दाखवले.