आईची चिंचपेटी माझ्या गळ्यात बसवताना

भाचीचं लग्न फाल्गुनात ठरलं आणि घरात पहिला प्रश्न आला तो गळ्यात काय घालायचं हा. येवल्याची पैठणी माझ्याकडे होती, जांभळी, हिरव्या काठांची. तिच्यावर लांब हार चांगला दिसत नाही. पदरावरच्या मोरांशी त्याची मारामारी होते. पैठणीला गळ्याशी घट्ट बसणारंच काहीतरी हवं. पोरी त्याला चोकर म्हणतात. आपल्याकडे ठुशी आहे, चिंचपेटी आहे, तन्मणी आहे, वज्रटीक आहे, तरी दुकानात सगळे ‘मॅडम, चोकरमध्ये दाखवू का’ असंच विचारतात.

आधी स्वस्तात भागवायला गेले. नाशिकच्या कॉलेज रोडवरून साडेसहाशे रुपयांचा मोत्याचा चोकर आणला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घातला. दोन तासांत मानेच्या मागे, जिथे कडी येते तिथे, खाज सुटली. सकाळी कडीच्या आकाराचा लाल चट्टा. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निकेलची अॅलर्जी. खोट्या दागिन्यांच्या कड्यांत, हुकांत निकेल असतं आणि घाम आला की ते सुटून कातडीत जातं. एकदा ही अॅलर्जी झाली की जन्मभराची. कडीला नेलपॉलिश लावायचा सल्ला मला चौघींनी दिला. लावून पाहिलं, दुसऱ्या वेळेला पापुद्रा निघाला. तो चोकर आता देवघरातल्या गौरीच्या मुखवट्यासाठी ठेवलाय. तिला काही होत नाही.

मग सोन्याची ठुशी बघायला गेले. हे म्हणाले होते, ‘एकदाच काय ते चांगलं घे.’ दुकानात बसल्यावर हिशोब मांडला. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलेलं, बारा ग्रॅमची ठुशी, त्यावर १८ टक्के घडणावळ, आणि या सगळ्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी. ठुशीचे मणी बारीक, एकमेकांना चिकटून गुंफलेले, हाताचं काम भरपूर, त्यामुळे घडणावळ जास्त लागते हे मला पटतं. पण एवढ्या मण्यांच्या पोटात काय आहे हे विचारायची मला अक्कल होती, ती आईमुळे. पुष्कळ जुन्या घडणीच्या मण्यांत लाख भरलेली असते. म्हणून बिलात एकूण वजन वेगळं आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून मागायचं. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी नंबर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कॅरेट कळतं. मी टाकला, बरोबर आला. तरी घेतली नाही. एवढे पैसे देऊन माझ्या आखूड मानेवर ती ठुशी अशी बसली की आरशात गळा दिसेना, थेट हनुवटीखालून ठुशी सुरू.

तेव्हा आईच्या चिंचपेटीची आठवण झाली. तिच्या डब्यात, मऊ झालेल्या मलमलीत. नऊ पेट्या, प्रत्येकीत मधोमध लाल खडा, मधल्या पेटीत जरा मोठा. दोन पेट्यांच्या मध्ये मोत्यांच्या चार सरी. दोरा कळकट झालेला, दोन ठिकाणी सरी सुटून मोती कागदाच्या पुडीत. आईचा गळा बारा इंची होता. बाई कायम सडपातळ. माझा साडेचौदा. मी घालून पाहिली तर पेट्या जेमतेम कानाखालपर्यंत पोचल्या आणि बाकीचा सगळा गळा नुसती दोरी.

इथे मी एक मूर्खपणा करणार होते. एका सराफाकडे (नाव घेत नाही, मोठं दुकान आहे) चिंचपेटी नेली, म्हटलं, वाढवून द्या. त्यांनी ती मशीनखाली धरली, बाविसाच्या आसपास कॅरेट आलं. मग शांतपणे म्हणाले, ‘ताई, असलं काम आता कोणी करत नाही. मोडीत घालूया, नवं डिझाइन देतो.’ मोडीचा हिशोब केला तेव्हा लाखेची घट, खड्यांची घट, गाळण्याची घट असं करत करत हातात जे उरलं ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मोत्यांचं तर मूल्यच धरलेलं नव्हतं. आणि ते मशीन फक्त वरचा पत्रा बघतं, आतली लाख त्याला दिसत नाही, हे मला मागून कळलं. मी ‘विचार करून सांगते’ म्हणाले. बाईच्या तोंडचं हे वाक्य सराफांना चांगलं ओळखता येतं. डबी परत देताना चेहरा बदलला.

माझी थोरली नणंद भांडीबाजारात वाढलेली. ती म्हणाली, ‘अगं, सराफाकडे कशाला गेलीस? पटवेकऱ्याकडे जायचं. सराफ घडवतो, गाठवतो तो पटवेकरी.’ मला वाटत होतं हे मंगळसूत्र गाठवण्यापुरतेच असतात.

गेलो तो बुधवार निघाला. गंगाघाटावर बाजार भरलेला, गाडी लावायला जागा नाही. गाडी लांब लावून दहीपुलाकडून सराफ बाजारात शिरलो. गल्ल्या अरुंद, वर जुने लाकडी सज्जे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या गोदावरीच्या पुरात घाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा इथेही पाणी घुसलं होतं. पटवेकरी काकांच्या फळीवर सामान सगळं कमरेच्या वर टांगलेलं. ते का, हे विचारायची गरज पडली नाही.

काका गादीवर बसून कोणाचं तरी मंगळसूत्र गाठवत होते. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला, आणि दोन्ही हातांची बोटं त्या ताणलेल्या दोऱ्यावर गाठी टाकत पुढे सरकत होती. आमच्याशी बोलताना मान वर केली, बोटं थांबली नाहीत. मी चिंचपेटी पुढे केली. त्यांनी पहिल्यांदा ती पाहिली मागून. पेट्यांची पाठ, कड्या, कुठे डाग देऊन सांधलंय. मग म्हणाले, ‘पेट्या उत्तम आहेत. मोत्यांत मात्र भेसळ आहे.’

त्यांनी एक मोती पुढच्या दातांवर हळूच घासायला सांगितला. कचकच लागली, बारीक वाळूसारखी. दुसरा घासला तर काचेसारखा गुळगुळीत. गुळगुळीत तो खोटा. हे दाताचं गणित खरा आणि नकली एवढंच सांगतं, बरं का. समुद्रातला आपोआप झालेला मोती आणि शेतीचा कल्चर मोती दोन्ही तसेच खरखरीत लागतात. त्यातला फरक एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि मला कळून घ्यायचाही नव्हता. ८० मोत्यांपैकी २७ खोटे निघाले. मधल्या कुठल्यातरी गाठवणीत कोणीतरी बदलले असणार. आईला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला वाईट वाटलं ते २७ मोत्यांचं नाही, तिच्या भाबडेपणाचं.

आता माप. मी घरून शिवणाची टेप लावून साडेचौदा लिहून नेलं होतं. काकांनी तो कागद बाजूला ठेवला. ‘उभं राहून घेतलंत? सकाळी? कुर्त्यावर?’ तिन्हीला हो. त्यांनी मला पाटावर बसवलं, केस वर धरायला लावले आणि दोऱ्याने नाही, बोटभर रुंद कागदाच्या पट्टीने माप घेतलं. एकदा गळ्याच्या वरच्या बाजूला आणि एकदा खाली खांद्याशी. खालचं माप पाऊण इंचाने जास्त. गळा म्हणजे काही खांब नाही, वर निमुळता, खाली रुंद. चिंचपेटीला चांगली उंची असते. वरच्या मापाने केली तर खालची कड रुतते, खालच्या मापाने केली तर वरची कड पुढे लोंबते आणि मान वळवली की पेट्या पालथ्या पडतात. एकपदरी ठुशीला हा ताप नाही.

काकांचा उपाय ऐकून मी नणंदेकडे बघतच राहिले. दोन्ही टोकांना प्रत्येक सरीत चार-चार मोती वाढवायचे. म्हणजे ३२ वाढीव आणि २७ बदलायचे, एकूण ५९ नवे. सगळ्यांत खालच्या सरीत नवेच घ्यायचे आणि ते किंचित मोठे. जुने चांगले मोती वरच्या तीन सरींत. खालची सर आपोआप लांब होते, पेट्या पंख्यासारख्या जराशा उलगडतात आणि गळ्याच्या उतारावर बसतात. मागे मानेवर दोन-सव्वादोन इंच दोरी आणि गोंडा उरतो, तो अंबाड्याखाली लपतो. गोंडा मी जांभळा मागितला. काका म्हणाले, ‘मरून घ्या, सगळ्या साड्यांवर चालतो.’ ऐकलं.

चार दिवसांनी आणली, घरी आरशासमोर घातली, झकास. पण काकांनी बजावलं होतं की आरशात बघून समाधान मानू नका, घालून जेवा. जेवले. वरणभात ठीक होता. पोळीचा घास चावताना आणि मान खाली घातल्यावर वरची कड हनुवटीच्या खाली टोचायला लागली. गोंडा सैल करायला गेले तर त्याची फास-गाठ फार घट्ट, एका हाताने सरकेना. नणंद पुन्हा दहीपुलाकडे घेऊन गेली. काकांनी दोरी बदलली, सरक-गाठ जरा मोकळी केली आणि दोन बोटं आरामात आत जातील एवढी ढील धरली. दोन फेऱ्या, मोती धरून साडेतीन हजार. बारा ग्रॅमच्या ठुशीच्या नुसत्या घडणावळीत असं काम कितीदा तरी झालं असतं.

ब्लाउजचं राहिलंच. माझ्या शिंपिणीने बोटनेक शिवून ठेवला होता आणि चिंचपेटी अर्धी त्या कापडावर, अर्धी गळ्यावर, असं विचित्र दिसत होतं. पुढचा गळा खोल करून घेतला. आखूड मानेला तेवढी मोकळी जागा लागतेच. लांब मंगळसूत्र ठेवलं आणि दोन्हींच्या मध्ये काहीही नाही. सासूबाईंनी मोहनमाळ पुढे केली होती, मी गोड बोलून डब्यात परत ठेवली. कानात कुड्या. लोंबते झुमके चिंचपेटीला आपटतात आणि फोटोत एक कान कायम वाकडा दिसतो.

लग्नाच्या दिवशी अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे सगळं उरकून शेवटी चिंचपेटी घातली. मोत्याला अत्तर आणि घाम दोन्ही सोसत नाहीत. मोती शेवटचा चढवायचा आणि पहिला उतरवायचा हे आई म्हणायची. तेव्हा वाटायचं, उगाच. अक्षता पडल्या, जेवणावळ झाली, मान खाली घालून तीन जिलब्या खाल्ल्या, काही टोचलं नाही. रात्री घरी आल्यावर कोरड्या मऊ कापडाने एकेक सर पुसली आणि आडवी ठेवली. टांगून ठेवली की रेशीम ताणतं, सरी लांबतात.

आठवड्याने भाची सत्यनारायणाला आली आणि म्हणाली, ‘मावशी, मला एकदा घालून बघू दे ना.’ तिचा गळा थेट आईसारखा. गोंडा पार वरपर्यंत ओढावा लागला.