जयगड ते पत्रादेवी: भरलेला एलपीजी टँकर कोकणातून नेताना

जयगड बंदरातून भरून निघालेला गॅसचा टँकर निवळी, हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली करत गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला पोहोचतो, तोवर साधारण सव्वादोनशे किलोमीटर झालेले असतात. छोट्या गाडीच्या वेळेचा हिशेब इथे लावू नये. टँकरला आठ तास धरावेत, तेही उजेडातले. पहाटे फटफटताना गेटबाहेर पडलं तर ऊन उतरायच्या आत हद्द ओलांडता येते.

या फेरीत धोका कशाचा, तर आधी गाडी उलटण्याचा आणि मग गॅसचा. सप्टेंबर २०२२ मध्ये याच वाटेवर गोव्याकडे निघालेला टँकर आंजणारीच्या पुलावरून काजळी नदीत गेला. चालक दगावला आणि महामार्ग दिवसभराहून जास्त वेळ बंद राहिला. टँकर चाकांवर उभा राहिला तर बाकीची बहुतेक संकटं येतच नाहीत.

गेटवरचा अर्धा तास वाचवायला जाऊ नका. टाकी ८५ टक्क्यांपर्यंतच भरायची. रोटोगेजवर (टाकीतली पातळी दाखवणाऱ्या मापकावर) आकडा स्वतः बघून चलनाशी ताडायचा. वरची १५ टक्के जागा रिकामी दिसते म्हणून ‘अजून थोडं बसेल’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नये. एलपीजी द्रव उन्हात पाण्यापेक्षा कितीतरी पटीने फुगतो. सकाळी थंडाव्यात काठोकाठ भरलेली टाकी दुपारी कणकवलीच्या उन्हात नुसत्या द्रवाने गच्च झाली, तर दाब झपाट्याने चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. भरून झाल्यावर व्हॉल्व्हच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, टोप्या घट्ट करायच्या. इमर्जन्सी शट-ऑफचा, म्हणजे गॅसची वाट तातडीने बंद करणारा, दांडा क्लीनरकडूनही एकदा ओढून घ्यावा. चालक केबिनमध्ये अडकला तर तो ओढणारा क्लीनरच असतो.

टाकीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक हवा. त्यावर मालाचं नाव, युएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १०७५, वर्ग २.१ चा, म्हणजे ज्वालाग्राही वायूचा, लाल शंकरपाळा आणि पाठवणाऱ्याचा व मदतीचा फोन. नावाची आणि फोनची अक्षरं किमान ५० मिलिमीटर उंच, युएन क्रमांकाचे आकडे १०० मिलिमीटर, शंकरपाळ्याची बाजू २५० मिलिमीटर. पावसाळ्यात मागचा फलक चिखलाने झाकला जातो, म्हणून प्रत्येक थांब्यावर ओल्या फडक्याने पुसावा. फलकावर २वायई हा संकेतही असतो. २ म्हणजे पाण्याचे बारीक तुषार, वाय म्हणजे श्वसनयंत्र घालून जवळ जा आणि सांडलेलं आवरून धर, ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. अग्निशमनवाले लांबून आधी हेच वाचतात.

केबिनमध्ये ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारा कागद) हाताशी हवं, डॅशबोर्डच्या खणात बिलांखाली नको. लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद हवी. ती तीन वर्षांपुरती असते आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो. टाकीच्या कागदांत नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचा परवाना, दर पाच वर्षांच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकीची चाचणी) आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या वार्षिक तपासणीची तारीख बघावी. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा), केबिनबाहेरून बंद होणारा बॅटरीचा मास्टर स्विच, टाकीजवळ आग विझवायची ९-१० किलोची दोन पावडरची सिलिंडरं, केबिनमध्ये एक छोटं, चाकाखाली लावायचे गुटके, ठिणगी न उडणारे पितळी पाने. पाना लोखंडी निघाला तर तो गेटवरच ठेवून या.

जयगड ते निवळी तिठा हा तुकडा नकाशावर किरकोळ वाटतो. खंडाळा, चाफे, जाकादेवी अशी गावं, अरुंद रस्ता, आंधळी वळणं, शाळेची पोरं आणि गणपतीपुळ्याला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या. त्यांना टँकर म्हणजे फक्त वाटेतला अडथळा वाटतो. साईडपट्टी पावसात भुसभुशीत होते. समोरच्याला वाट देताना डावी चाकं तिच्यावर गेली की १७-१८ टन माल एका बाजूला कलतो. वाट द्यायची तर आधी थांबा, डांबरावरच राहा, समोरच्याला जाऊ द्या.

निवळी तिठ्याला महामार्ग लागतो आणि हातखंब्यापर्यंतचा उतार सुरू होतो. गॅसचे टँकर कलंडल्याच्या बातम्या इथून वरचेवर येतात, कारण रस्ता रुंद झाला की पाय आपोआप खाली जातो. टाकीतल्या आडव्या पत्र्यांनी पुढे-मागे जाणारी उसळी मोडते, बाजूची मोडत नाही. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ३० ऐवजी ४० ने गेलात तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो. त्यात द्रव बाहेरच्या अंगाला चढतो आणि आतली चाकं हलकी होतात. वळणात शिरल्यावर ब्रेक मारणं हा यावरचा उपाय नाही, तिथे ब्रेकने काम बिघडतंच. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर उतरवायचा आणि वळणात गाडी हलक्या ॲक्सिलरेटरवर ठेवायची.

उतारासाठी जुना नियम अजून खरा आहे: ज्या गिअरने भरलेली गाडी तो चढ चढेल, त्याच गिअरने उतरवायची. गिअर उताराच्या तोंडाशी टाकायचा, मध्ये नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग आवरणारा) चालू, पायाचा ब्रेक थोडा थोडा, सतत दाबून नाही. ब्रेकचे लायनर तापले की पाय खाली जातो पण गाडी आवरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला या फेरीवर पाठवूच नये. ब्रेकच्या हवेचा दाब उतरल्याचा बझर वाजला तर उतारावर एक मीटरही पुढे जायचं नाही.

हातखंब्याहून पालीपर्यंत कोल्हापूरची वाहतूक सोबत असते. पालीला ती आंबा घाटाकडे वळते आणि रस्ता जरा मोकळा होतो. नेमकी इथेच ढिलाई येते, कारण पुढे आंजणारीचा उतार आहे आणि खाली पूल. पुलावर शिरताना गाडी सरळ आणि ब्रेक मोकळा हवा.

लांज्यानंतर राजापूर, खारेपाटण, तळेरे, कणकवली हे सगळं चौपदरी, काँक्रीटचं. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, फक्त झोप येते. चार तासांनी अर्धा तास गाडी उभी करावी. पंपावर, हॉटेलच्या चुलीजवळ किंवा वस्तीत नको. मोकळ्या, सपाट जागी, तोंड बाहेर, गुटके लावून. चालक आणि क्लीनर दोघं एकदम जेवायला गेले तर नियम मोडलाच: गाडीपाशी कोणीतरी जाणता, १८ वर्षांवरचा माणूस सतत हवा. मधल्या दुभाजकातून यू-टर्न घेणं टाळा, पुढच्या पुलाखालून फिरून या. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ भांकरोटा इथे वळणाऱ्या गॅस टँकरला ट्रकची धडक बसली. गॅस पसरला, पेटला आणि आसपासच्या गाड्याही त्यात जळाल्या.

गॅस सुटलाच तर काय? इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, शट-ऑफचा दांडा ओढा आणि वाऱ्याच्या उलट दिशेला, चढाच्या बाजूला चाला. एलपीजी हवेपेक्षा जड. तो गटारात, शेताच्या खोलगटात, पुलाखाली साचतो. पांढरं धुकं दिसतं तेवढाच गॅस नसतो, त्याच्या पुढेही असतो. मोबाइल लांब गेल्यावरच काढा: ११२, गॅसगळतीसाठी १९०६, मग मालक आणि जवळचं पोलीस ठाणं. सुरुवातीला चारही बाजूंनी १०० मीटर, गळती मोठी असेल तर वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ८०० मीटर, टाकीला आगीची धग लागली असेल तर १६०० मीटर मोकळं करायचं. मागे अडकलेल्या गाड्यांना ‘इंजिन बंद करा आणि चालत मागे जा’ एवढंच सांगा; वळवायला लावाल तर प्रत्येक सेल्फ ही ठिणगी. गळतीच्या तोंडावर ज्योत असेल आणि गॅस बंद करता येत नसेल, तर ती विझवायची नाही, टाकीवर पाणी मारून ती थंड ठेवायची. उलटलेली भरलेली टाकी क्रेनने घाईने उचलू देऊ नका. आधी तेल कंपनीचं इमर्जन्सी रेस्क्यू वाहन येऊ द्या. शक्य असेल तिथे ते गॅस दुसऱ्या टँकरमध्ये उतरवून घेतात.

कुडाळ, झाराप, बांदा, पत्रादेवी. गोव्यातल्या प्लांटमध्ये गॅस उतरवताना अर्थिंगची (स्थिर वीज जमिनीत सोडणारी) क्लिप सगळ्यात आधी लावायची आणि सगळ्यात शेवटी काढायची. गाडी रिकामी झाली तरी टाकीत वाफ दाबाखाली उरतेच. म्हणून परतीला फलक झाकायचे नाहीत, ट्रेम कार्ड काढायचं नाही, पार्किंगही भरलेल्या गाडीसारखंच. हलकी गाडी पळते छान, पण ब्रेक जोरात दाबला की मागची चाकं आधी लॉक होतात. त्यामुळे हातखंब्याचं वळण परतीलाही तेवढ्याच सावकाश घ्यायचं.