पायवाट होती, कागद नव्हता: रिसॉर्टच्या झोनिंगमधला माझा अनुभव

रिसॉर्टसाठी जमिनीचा झोन बदलायच्या सुनावणीचं फार दडपण घेऊ नका. तीन मिनिटं मिळतात, माईकसमोर बोलायचं आणि खाली बसायचं. खरी लढाई कागदाची असते, आणि तो कागद जिथे मिळतो त्या खिडकीवर माझं जे डोकं फिरलंय ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

मी हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाकडे राहते. शेजारच्या आंटी मूळ हवाईयन. त्यांच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका पायवाटेने मकाईला, म्हणजे समुद्राकडे, मीठ आणि ओपिही, म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले, आणायला जातात. दोन्ही बाजूंना आआ लाव्ह्याचे तळवा फाडणारे दगड, आणि मधून पाय टाकायला लाटांनी गुळगुळीत केलेले चपटे गोटे ओळीने बसवलेले. त्याच पट्ट्यात रिसॉर्टसाठी झोन बदलायचा अर्ज आला. हक्क आंटींचा. 1778 पूर्वी इथे राहणाऱ्यांच्या वंशजांचे परंपरागत हक्क हवाईच्या राज्यघटनेत 1978 साली आले. मी फक्त कागद गोळा करणारी.

कंपनीच्या पुरातत्त्व अहवालात पायवाट होती, पण चार तुकड्यांत. प्रत्येक तुकड्याला वेगळा स्थळ क्रमांक आणि पुढे महत्त्व ठरवायचा निकष ‘डी’, म्हणजे यातून माहिती मिळू शकते. माहिती तर नोंदवून झाली, म्हणून शेवटच्या रकान्यात ‘पुढील काम नाही’. थोडक्यात, बुलडोझर मोकळा. मूळ रहिवाशांसाठी सांस्कृतिक मोल असलेल्या जागांना ‘ई’ लावतात, तो एकाही तुकड्याला नव्हता. असा अहवाल हाती आला की आधी तो तक्ता उघडा, फोटो सावकाश बघा.

आमच्या हातात हुकमाचा पत्ता होता तो 1892 च्या महामार्ग कायद्याचा. राणी लिलिउओकलानींच्या काळातला हा कायदा आजही चालतो: त्या वेळी वापरात असलेली सार्वजनिक वाट सरकारच्या मालकीची, आजूबाजूची जमीन पुढे कोणीही विकत घेवो. फक्त वाट तेव्हा होती हे दाखवायला हवं. 1870 च्या दशकात सीमा आयोगापुढे म्हाताऱ्या माणसांनी दिलेल्या जबान्या सहज सापडल्या, त्यात वाटेचा उल्लेखही होता. हवा होता जुना मोजणी नकाशा.

आणि इथे आम्ही अडकलो. नकाशे सांभाळणाऱ्या खात्यात म्हणाले, क्रमांक सांगा. क्रमांक कुठे मिळेल? सूचीत. सूची कुठे? होनोलुलूला. म्हणजे विमानाचं तिकीट काढा! ईमेल केला तर ‘आपली विनंती संबंधितांकडे पाठवली आहे’. हे संबंधित कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिकडे नियोजनवाले म्हणत, वाट सरकारी असल्याचं पत्र नसेल तर आमच्या लेखी ती ‘अपुष्ट’. पत्र देणारं खातं म्हणे, नियोजनवाल्यांनी विचारलं तरच देऊ. मी दोघांना एकाच ईमेलमध्ये घातलं, तर दोघेही गप्प. आंटी शांत. मी मात्र फोनवरच्या प्रतीक्षेच्या संगीताला शिव्या घालत फेऱ्या मारायचे. अर्जदार कंपनीच्या सल्लागाराला ते नकाशे मिळालेच असणार, त्याच्या अहवालात जुने नकाशे व्यवस्थित छापलेत, हे आठवलं की आणखी भडका उडायचा.

शेवटी एका निवृत्त सर्वेक्षकाने मार्ग सांगितला: विनवण्या बंद, माहितीच्या कायद्याखाली लेखी अर्ज. प्रकरण 92एफ नाव घेऊन टाका. मग दहा कामकाजाच्या दिवसांत खात्याला उत्तर द्यावंच लागतं. स्कॅन आला! आपल्या गाव नकाशावर पाणंद दाखवतात तशी तुटक रेषा, डोंगराकडून किनाऱ्यापर्यंत सलग. चार तुकडे त्या रेषेवर ठेवले, चारही नेमके बसले. मी खुर्चीतून उठून नाचले, खोटं कशाला बोलू.

एक राहिलंच. साक्षीचे कागद सगळ्यांना खुले होतात. तेव्हा हेइआऊ, म्हणजे जुनं हवाईयन देवस्थान, किंवा दफनभूमीची नेमकी जागा त्यात खुणावू नका. माउईवर होनोकाहुआला 1980 च्या दशकाच्या शेवटी हॉटेलसाठी शेकडो पूर्वजांच्या अस्थी उकरल्या गेल्या, त्यानंतर बेटांसाठी दफन परिषदा आल्या. ती माहिती तिकडेच द्यावी, तीही घरच्या माणसांनी.

सुनावणीत आम्ही हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा ‘का पाआकाई’ निकाल पुढे केला. तोही याच किनाऱ्यावरच्या कऊपूलेहूचा. कोणती संसाधनं आणि प्रथा आहेत, त्यांना किती धक्का बसेल, त्या वाचवायला काय करता येईल, हे सरकारी यंत्रणेने स्वतः तपासायचं असतं, बिल्डरवर सोपवायचं नाही. अधिकाऱ्यांच्या टिपणातले दोन परिच्छेद कंपनीच्या अहवालातून शब्दशः उचललेले होते. ते आम्ही शेजारी शेजारी छापून वाटले. बाकी कशापेक्षा त्या एका पानाने काम केलं.

झोन बदललाच, काउंटी कौन्सिलच्या दोन्ही वाचनांत. पण अट लागली: पायवाट एकच स्थळ, मूळ जागेवरच, मीठ आणायला जाणाऱ्यांना दिवसरात्र वाट, आणि जतन आराखडा मंजूर झाल्याशिवाय जमिनीला हात नाही. आता तो आराखडा राज्याच्या ऐतिहासिक जतन विभागाकडे जाईल. त्याच्या प्रतीसाठीचा 92एफचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवलाय. वाट सरकारी असल्याचं ते पत्र अजून आलेलं नाही.