अख्खा पॅच एकदम बाहेर काढला तो दिवस

मी पुण्यात एका कंपनीत पोस्टग्रेसवर काम करते, म्हणजे जगभरातले डेव्हलपर मिळून सगळ्यांसमोर बनवतात त्या ओपन सोर्स डेटाबेसवर. आमच्याकडे एक मोठं फीचर गुपचूप बनवायचं ठरलेलं, का तर कॉम्पिटिटरला कळू नये आणि लाँचला धमाका व्हावा. कितीतरी महिने कंपनीच्या आतल्याच रेपोत (कोडच्या साठ्यात) काम चाललं आणि मग एका सोमवारी हजारो ओळींचा अख्खा पॅच, म्हणजे कोडमधले सगळे बदल, रिव्ह्यूसाठी सगळ्यांसमोर टाकला.

संध्याकाळी एका जुन्या कमिटरचं, म्हणजे पोस्टग्रेसमध्ये कोड घ्यायचा अधिकार असलेल्याचं, उत्तर आलं. कोडमधल्या चुका वगैरे नाहीच, त्याने एवढंच विचारलं की डेटा डिस्कवर साठवायचा फॉरमॅट का बदलला, दुसरे कुठले मार्ग बघितले आणि ते का सोडले? उत्तरं होती हो, पण ती व्हाइटबोर्डवर होती, तो कधीच पुसला गेला आणि ज्याने डिझाइन केलं तो सीनियर नोकरी सोडून गेलेला. मग दुसऱ्या कोणीतरी विचारलं, पीजी_अपग्रेड (जुन्या व्हर्जनवरून नव्यावर नेणारं टूल) वापरून येणाऱ्यांच्या जुन्या डेटाचं काय? आमच्या क्लाउडवर डेटाबेस नवीनच बनायचे त्यामुळे हा प्रश्न आतल्या कोणाला पडलाच नव्हता, आणि बाहेरच्या माणसाला तो पहिल्या दिवशी पडला!

चिप बनवणाऱ्या एएमडीचंही असंच झालेलं. लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, त्यांनी २०१६ मध्ये डिस्प्लेचा जवळपास लाखभर ओळींचा कोड आणला, त्यात स्वतःचा वेगळा थर घातलेला, आणि कर्नलचा ग्राफिक्सचा भाग सांभाळणाऱ्या मेंटेनर डेव्ह एअरलीने डिसेंबरमध्ये सरळ नाही म्हणून सांगितलं. पुष्कळ साफसफाई करून तो शेवटी कर्नलच्या ४.१५ व्हर्जनमध्ये गेला. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलाही सूट नाही, आणि नसावीच, कारण तो कोड पुढे वर्षानुवर्षं सांभाळायचा कोणी?

सिक्युरिटीचे बग मात्र फिक्स रिलीज होईपर्यंत झाकूनच ठेवायला हवेत, पोस्टग्रेसमध्येही तसंच करतात. पण फीचर लपवून आम्ही काय मिळवलं? पोस्टग्रेसचा एप्रिलचा फीचर फ्रीझ (नवीन फीचर घ्यायची शेवटची मुदत) हुकला म्हणजे थेट पुढच्या वर्षीचं व्हर्जन, लाँचची तारीख गेली ती गेलीच.

त्या रात्री मी मॅनेजर सरांना स्पष्ट म्हणाले की पॅचचे तुकडे करू आणि आधी नुसतं डिझाइन टाकू, सोडून दिलेल्या पर्यायांसकट. ते आधी तयार नव्हते, लीगलला विचारतो म्हणाले. पण शेवटी परवानगी मिळाली आणि डिझाइन टाकल्यावर जपानमधल्या एका डेव्हलपरने फॉरमॅट न बदलता तेच करायचा मार्ग सुचवला. आता त्यावरच काम चालू आहे, सगळ्यांसमोर.