शेवटची इनिंग सांभाळणारा

जळगावात मी सॉफ्टबॉल शिकवतो. "सर, पहिले मले टाकू द्या," म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला मी बेसबॉलपटू मारियानो रिवेरा सांगतो. पनामातल्या मच्छीमाराचा हा मुलगा 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडे सुरुवातीचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, म्हणून उतरला, जमलं नाही. मग शेवटची इनिंग मिळाली आणि 652 सेव्ह (संघाची आघाडी शेवटपर्यंत राखून जिंकवलेले सामने) करूनच 2013 मध्ये थांबला.

हत्यार मुख्यतः एकच, कटर नावाचा बॉल. सरळ वाटणारा बॉल ऐनवेळी डावखुऱ्या बॅटरच्या मुठीकडे सरकतो अन् बॅट मोडते. (आमच्या सॉफ्टबॉलमध्ये बॉल खालून टाकतात, तरी पोरं पकड विचारतातच.)

2012 मध्ये, वयाच्या 42व्या वर्षी, गुडघा गेला. पुढच्या वर्षी पठ्ठ्या परत मैदानात! 2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, 425 पैकी 425 मतं. याआधी असं कुणालाच मिळालं नव्हतं. मला मात्र त्याचं बहुतेक सामना बाहेर थांबणं आणि बोलावल्यावर पहिलाच बॉल अचूक टाकणं जास्त मोठं वाटतं.