बर्था बेंझच्या वाटेवर सायकलने: फोर्त्सहाइमचा चढ कोणी सांगतच नाही

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. जर्मनीतला मानहाइम ते फोर्त्सहाइम हा 'बर्था बेंझ स्मृतिमार्ग', म्हणजे मर्सिडीज-बेंझमधल्या त्या बेंझची बायको बर्था १८८८ मध्ये मोटार घेऊन गेली तो रस्ता, सायकलने जरूर करा, पण त्याच्याबद्दल नेटवर जे काही लिहिलेलं आहे त्यावर विसंबून निघू नका. ते सगळं गाडीत बसून गेलेल्यांनी लिहिलंय. 'सपाट, निवांत, द्राक्षमळ्यांतून जाणारा रस्ता' हे वाक्य मी निदान चार ठिकाणी वाचलं होतं. पहिल्या ऐंशी किलोमीटरना ते लागू आहे. उरलेल्या भागाबद्दल कोणी अक्षर लिहिलेलं नाही, आणि माझा सगळा जीव त्या उरलेल्या भागानेच काढला.

मर्सिडीजचा आणि माझा संबंध पिंपरीचा. वडील टेल्कोत, म्हणजे टाटांच्या ट्रकच्या कंपनीत होते. मोटारीवरचा तारा मी फार उशिरा पाहिला, त्याच्या आधी पाहिला तो ट्रकवरचा. १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं टाटांचे ट्रक मर्सिडीजच्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने बनत आणि त्यांच्या तोंडावर तो तीन टोकांचा तारा असे. करार संपला तरी ते जुने ट्रक माझ्या लहानपणी घाटात धापा टाकत चढताना दिसायचे. पुढे १९९५ मध्ये त्याच पिंपरीत मर्सिडीजच्या मोटारी जुळायला लागल्या, २००९ मध्ये चाकणला कारखाना गेला आणि तारा म्हणजे बिल्डर आणि पुढारी असं समीकरण झालं. माझ्या मनात मात्र तो ट्रकचाच राहिला. म्हणून स्टुटगार्टला बहिणीकडे जायचं ठरलं तेव्हा तिथल्या मर्सिडीज म्युझियमच्या आधी हा रस्ता करायचा, हे मी पक्कं केलं.

रस्त्याची गोष्ट थोडक्यात. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ ला तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. ९५४ सीसीचं एकच सिलिंडर, पाऊण अश्वशक्ती. यंत्र चालत होतं, पण लोक विकत घेईनात. कार्ल सुधारणा करत बसला. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे त्याची बायको बर्था, वय ३९, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन नव्या मॉडेलच्या गाडीतून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. नवऱ्याला न सांगता. जाताना १०४ किलोमीटर, येताना वेगळ्या रस्त्याने ९०. तोवर मोटारी कारखान्याच्या आसपास फिरत, इतक्या लांब कोणी गेलेलं नव्हतं. लग्नाआधीच हुंड्याचे पैसे काढून कार्लच्या कंपनीतल्या भागीदाराला बाजूला करणारी हीच बाई. पैसा तिचा होता, पण विवाहित स्त्री म्हणून पेटंटवर नाव लावण्याचा हक्क तिला नव्हता.

माझ्याबरोबर भाचा होता, वय पंधरा, म्हणजे ऑयगेनएवढाच. आम्ही जूनमधल्या एका गुरुवारी निघालो. फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाची सुट्टी होती, म्हणून तो मोकळा होता. पहिली चूक इथेच झाली. सुट्टीच्या दिवशी त्या भागात दुकानं बंद असतात, किराणासुद्धा. रविवारीही तेच. आमच्याकडे दोन-दोन बाटल्या पाणी, चार केळी आणि बहिणीने दिलेले मेथीचे ठेपले. ऊन बत्तीस अंश. दुपारी आम्ही पेट्रोल पंपावर सँडविच आणि पाणी विकत घेतलं, कारण उघडं तेवढंच होतं. बर्थाने इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं होतं आणि आम्ही जेवण पेट्रोल पंपावरून घेतलं.

दुसरी चूक सायकलची. मानहाइमला भाड्याने घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही. रोजचे पंचवीस युरो आणि दीडशे अनामत, प्रत्येकी. माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर पडत नव्हता हे निघताना सपाट रस्त्यावर कळलंच नाही. परत करताना त्याच सायकलची चेन 'झिजवली' म्हणून चाळीस युरो कापले. तीन दिवसांत चेन झिजत नाही. मी पुण्यात आठवड्याला दीडशे किलोमीटर चालवते, एवढं मला कळतं. वाद घातला, उपयोग झाला नाही. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानासमोरच मागचं चाक उचलून सगळे गिअर टाकून बघा, चेनचा आणि ब्रेकपॅडचा फोटो काढा आणि तो त्यांच्यासमोर काढा.

मानहाइमच्या मध्यभागी रस्त्यांना नावं नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा आहे. बेंझचा कारखाना टी ६ मध्ये होता. तिथे फार वेळ घालवू नका. लाडेनबुर्ग पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर येतं आणि तिथलं कार्ल बेंझ म्युझियम हे या सगळ्या प्रवासातलं सर्वात चांगलं ठिकाण आहे, पण ते आठवड्यातले मोजके दिवस आणि तेही दुपारनंतरच उघडतं. आम्ही साडेनऊला बंद दारासमोर उभे. दुपारपर्यंत थांबलात तर फोर्त्सहाइम विसरा. ते शेवटी ठेवा, वेगळा अर्धा दिवस काढून. आम्ही शनिवारी परत आलो.

पाट्यांबद्दल. तपकिरी पाट्या आहेत, त्यावर तीनचाकी गाडीचं चित्र आहे, दिसतात छान. पण त्या मोटारींसाठी आहेत. हायडेलबर्गच्या पुढे त्या तुम्हाला बी-३ या हमरस्त्यावर घालतात. हायडेलबर्ग, लायमेन, नुसलोख, वीसलोख आणि थेट ब्रुखझालच्या खालीपर्यंत त्याची संगत सुटत नाही. कडेने सायकलचा पट्टा कधी आहे, कधी अचानक संपतो. समांतर सायकलमार्ग आहेत, गावांच्या मागून, शेतांमधून. आदल्या रात्री फोनवर नकाशा उतरवून घ्या आणि गावांची नावं ओळीने कागदावर लिहून हँडलला लावा. भाच्याने हे केलं म्हणून आम्ही वाचलो.

वीसलोख. इथल्या श्टाटआपोथेकेमधून, म्हणजे औषधांच्या दुकानातून, बर्थाने इंधन म्हणून लिग्रोइन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला ते वापरत. दुकानदार होता विली ओकर. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून हे गाव मिरवतं, समोर स्मारक आहे. सुट्टी म्हणून दार बंद होतं, पण मला तिथे उभं राहून भरून आलं, ते खरं. बाईने वाटेत काय काय केलं बघा. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, वायरचं आवरण गेलं तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. इंजिनाचं पाणी उकळून उडून जायचं, म्हणून गाव दिसलं की पाणी भरायचं. ब्रुखझालला चेनसाठी लोहार गाठला. यातलं एकही काम शोभेचं नाही.

आता तो चढ. ग्र्योत्सिंगेनला डावीकडे वळून फिंट्स नदीच्या खोऱ्यात शिरलात की रस्ता हळूहळू वर जायला लागतो, जाणवतही नाही. विल्फरडिंगेनपर्यंत अंगात पंच्याऐंशी किलोमीटर आलेले असतात. तिथून क्योनिग्सबाख, श्टाइन आणि पुढे टेकड्या ओलांडून फोर्त्सहाइम. नकाशावर बोटभर अंतर. कात्रज किंवा बोपदेव ज्यांनी केलाय त्यांना उंची ऐकून हसू येईल. घाट एकदाच चढायचा असतो. इथे चढ, मग सगळी मिळवलेली उंची घालवणारा उतार आणि परत चढ. सावली नाही, डांबर तापलेलं, आणि माझा हलका गिअर पडत नाही. दुसऱ्या चढावर मी उतरले. तिसऱ्यावर बसले. रस्त्याच्या कडेला, गवतात, पाय सरळ करून.

भाचा म्हणाला, "मावशी, तू बस. मी माझी वर ठेवून येतो, मग तुझी नेतो."

"अरे, तू दमला असशील."

"ऑयगेनने पण ढकललीच होती ना?"

त्याने दोन्ही सायकली वर नेल्या. मी मागून चालत गेले. त्या दोन मुलांनीही याच भागात गाडी ढकलली होती, कारण दोन-अडीच अश्वशक्तीच्या इंजिनाला आणि दोनच गिअरना चढ झेपेना. परत गेल्यावर बर्थाने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर लाव, आणि तो लागला. मी ही गोष्ट दहा वेळा वाचली असेल. गिअर पडत नसलेली सायकल घेऊन तिथे उभं राहीपर्यंत ती मला कळली नव्हती. 'चढाला ताकद कमी पडते' हे वाक्य माहेरी जाऊन आलेल्या, घाम गाळलेल्या बाईचं आहे. ते कार्यशाळेत बसून सुचणारं नाही.

त्यामुळे सल्ला सरळ आहे. १०४ किलोमीटर एका दिवसात करायचे असतील तर पहाटे पाचला निघा, ब्रुखझाल सकाळी दहाच्या आत गाठा आणि विल्फरडिंगेनला तासभर झोप काढूनच पुढे निघा. नाहीतर ब्रुखझालला मुक्काम करा. यात कमीपणा काही नाही. आणखी एक पर्याय म्हणजे विल्फरडिंगेनहून लोकल ट्रेन. पण मग आलातच कशाला, असं मला आज तरी वाटतं. सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळच्या गर्दीत ट्रेनमध्ये सायकल चढवू नका, नियम आडवे येतात.

फोर्त्सहाइममध्ये बर्थाचं माहेर शोधू नका. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीच्या बाँबहल्ल्यात इथली सतरा हजारांहून जास्त माणसं गेली आणि शहराचा मध्यभाग उरलाच नाही. आज दिसतं ते सगळं युद्धानंतरचं. सोन्याच्या दागिन्यांचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. मी फक्त झोपले.

परतीचा दिवस छान गेला. बाउश्लॉट, जिथे बर्थाने चांभाराकडून ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना चामडं लावून घेतलं, मग ब्रेटेन, होकेनहाइम, श्वेट्सिंगेन. बहुतेक उतार आणि सपाटी. लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच, की १८१७ मध्ये कार्ल ड्राइसने आपली पायाने रेटायची दुचाकी मानहाइमहून श्वेट्सिंगेनच्याच दिशेने पहिल्यांदा पळवली होती. सायकलवाल्यांनी तिथे क्षणभर थांबावं.

लाडेनबुर्गचं म्युझियम कार्लने मुलांबरोबर काढलेल्या कारखान्याच्या जुन्या इमारतीत आहे. स्वतःच्याच कंपनीशी पटेना म्हणून १९०३ मध्ये तो बाहेर पडला होता. गावातच दोघांच्या समाधी आहेत. बर्था १९४४ पर्यंत जगली, ९५ वर्षांची होऊन गेली.

रविवारी स्टुटगार्ट. म्युझियम भव्य आहे, नऊ मजले, एकशे साठ वाहनं. लिफ्टने वर जायचं आणि गोल उतारांवरून खाली यायचं. सोमवारी बंद. चार तास ठेवा. मोटारी बघून झाल्यावर बहुतेक लोक उतारांच्या भिंतींवरचा मजकूर न वाचता निघून जातात. तो वाचा. 'मर्सिडीज' हे नाव एमिल येलिनेकच्या मुलीचं. तोच माणूस १९०० मध्ये डाइमलर या दुसऱ्या मोटार कंपनीकडे नव्या, खालच्या बांधणीच्या, वेगवान मोटारी मागत होता, आणि १९०१ ची ३५ अश्वशक्तीची गाडी त्यातून आली. त्याचे वडील व्हिएन्नाचे प्रसिद्ध ज्यू धर्मगुरू. बेंझ आणि डाइमलर १९२६ मध्ये एक झाले. आणि १९४४ मध्ये, एका ज्यू धर्मगुरूच्या नातीचं नाव मिरवणाऱ्या या कंपनीतल्या ६३,६१० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे वेठबिगार, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी होते. १९८८ मध्ये कंपनीने भरपाई म्हणून दोन कोटी मार्क दिले. पंधरा वर्षांच्या मुलाला हे वाचायला लावावं का, असा प्रश्न मला पडला. त्याने आधीच वाचलं होतं, शाळेत शिकवतात.

खाली येईपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं. या नावाची पत झगमगीत मोटारींनी राखलेली नाही. दोष उघड्या रस्त्यावर सापडला आणि कंपनीने तो दुरुस्त केला, तेव्हा ती राखली गेली. बर्थाचा गिअर आणि चामडी ब्रेक ही पहिली उदाहरणं. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये पत्रकारांच्या चाचणीत नवीकोरी ए-क्लास उलटली, जगभर नाचक्की झाली, तेव्हा गाड्या परत बोलावून घसरण आवरणारी यंत्रणा सगळ्यांना बसवली गेली. ते दुसरं. आणि जिथे झाकाझाक केली तिथे नाव खाली गेलं. नव्वदीच्या शेवटच्या गंजणाऱ्या गाड्यांबद्दल आणि पुढच्या डिझेलच्या धुराबद्दल टॅक्सीवाले अजून बोलतात.

निघणाऱ्यांसाठी राहिलेल्या दोन गोष्टी. १८८६ ची मूळ गाडी बघायची असेल तर ती म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे, स्टुटगार्टला नाही. माझा त्याबद्दल गैरसमज होता. आणि विल्फरडिंगेनच्या पुढे श्टाइनपर्यंत पाण्याची सोय गृहीत धरू नका. आम्हाला तिथे एका आजींनी अंगणातल्या नळाला बाटल्या लावू दिल्या, चार बाटल्या, आणि भाच्याच्या डोक्यावर पाचवी ओतली.